राखीव रानातल्या डोंगरवाटा : प्रस्तावना

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. बारी गावातून निघून, लोखंडी शिड्या चढून देवीच्या देवळापर्यंत पोचणाऱ्यांची सुट्टीच्या दिवशी रीघ लागते. त्यांतल्या बहुतेकांना शिखराची उंची तोंडपाठ असते. आपण एका अभयारण्यात चालतो आहोत, हे मात्र फार थोड्यांच्या गावी असतं. १९८६ साली जाहीर झालेल्या आणि सुमारे ३६२ चौरस किलोमीटर पसरलेल्या या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला नावच मुळी दोन डोंगरांचं मिळालं आहे. डोंगर सगळ्यांना माहीत झाले. अभयारण्य फलकापुरतं उरलं.

हे एकट्या कळसूबाईचं नाही. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात, माहुली तानसा अभयारण्यात, आणि कर्नाळ्याचा सुळका पक्षी अभयारण्यात. कोकणातून भीमाशंकरला चढणाऱ्या वाटा शेकरूसाठी राखलेल्या रानातून जातात. विदर्भात गाविलगड आणि नरनाळा मेळघाटच्या जंगलात उभे आहेत. महाराष्ट्रातल्या गिरिभ्रमणाचा मोठा भाग कायद्याने राखलेल्या वनात घडतो, आणि तरी आपलं या विषयावरचं बहुतेक लेखन गडाच्या इतिहासापाशी किंवा चढाईच्या थरारापाशी थांबतं. ज्या रानातून वाट जाते ते रान, त्याचे नियम आणि त्यात राहणारी माणसं यांची बोळवण शेवटच्या पानावरच्या सूचनांमध्ये होते. हा क्रम बदलावा म्हणून हे पुस्तक लिहिलं गेलं आहे. डोंगरातल्या प्रत्येक वाटेवर इतिहासाचा, वनाचा आणि गावाचा हक्क आहे. हे तिन्ही हक्क ओळखून जो चालतो त्यालाच डोंगर नीट कळतो, ही त्यामागची धारणा आहे.

सह्याद्रीत चालायला निघणाऱ्याने आधी हा डोंगर कसा घडला ते समजून घ्यावं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. अशा असंख्य थरांचा मिळून दख्खनचा कातळ झाला. त्यातला घट्ट थर कड्याच्या रूपाने उभा राहतो. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार किंवा सपाट पदर होतो. म्हणून पायथ्यापासून माथ्यापर्यंत कडा आणि पदर आलटून पालटून येतात. कड्यावरून घरंगळलेली माती पदरात साठते, पाणी तिथे मुरतं, आणि त्यामुळे दाट रान बहुधा पदरातच भेटतं. जिथे कातळाला भेग असते तिथे पाणी ती कापत नेतं आणि नाळ तयार होते. पश्चिमेला हा डोंगर कोकणात सरळ तुटतो. पूर्वेला त्याच्या रांगा देशावर हळूहळू उतरत जातात. एवढं ध्यानात ठेवलं की कुठली वाट सोंडेवरून चढणार, कुठली नाळेतून, आणि पाणी कुठे मिळण्याचा संभव आहे, याचा अंदाज नवख्यालाही बांधता येतो.

या वाटा कुणी पर्यटनासाठी आखलेल्या नाहीत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणं आहे, त्यात ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्या रांजणात जकात गोळा होत असे, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने घाटावर चढत होता. अशा मोठ्या घाटवाटांच्या भोवती लहान वाटांचं जाळं होतं: बाजाराला जाण्याची, लग्नाचं वऱ्हाड नेण्याची, गुरं चारण्याची, देवाला जाण्याची. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या पायांनी त्या मळल्या. धार, सोंड, पदर, नाळ, नेढं, खिंड हे आज गिर्यारोहकांच्या तोंडी असलेले शब्द त्यांच्याकडूनच आलेले आहेत. गडांच्या चौक्या आणि मेटं याच वाटांवर नजर ठेवायला बसवली गेली. म्हणजे आधी वाट, मग गड, आणि अगदी अलीकडे अभयारण्य असा हा क्रम आहे.

तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे राखीव क्षेत्रांची, तोंडओळख नवीन वाचकाला करून देणं भाग आहे, कारण 'जंगल खातं अडवतं' यापलीकडे आपलं ज्ञान सहसा जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य असे दोन मुख्य प्रकार ठरवले. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चौकशीअंती चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात बंधनं कडक; तिथे गुरं चारायलाही मनाई. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात माणसाचा वावर कमीत कमी राहावा असा हेतू असतो. यांच्या बाहेर साधं राखीव वन असतं. त्याचे नियम वेगळे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, आणि परवानगी मागण्याच्या कायदेशीर कारणांत पर्यटनाचाही समावेश आहे. चालणाऱ्याला कायद्याने दार बंद केलेलं नाही. दारावर नोंद करून आत या, एवढंच म्हटलं आहे.

महाराष्ट्राच्या नकाशावर हे पट्टे उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत जावेत. मुंबईच्या कुशीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे: कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार हे तलाव, आणि बिबट्यांचा नांदता वावर. ईशान्येला तानसा, त्याच्या धरणाचं पाणी मुंबई पिते आणि त्याच्या अंगावर माहुलीचे सुळके उभे आहेत. पुढे भंडारदऱ्याभोवती कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड, आणि त्याच रांगेत अलंग, मदन आणि कुलंग हे कसोटी पाहणारे तीन दुर्ग. मग १९८५ साली जाहीर झालेलं १३० चौरस किलोमीटरचं भीमाशंकर. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना, तिच्या दक्षिणेला २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं चांदोली. २०१० पासून ही दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. कोल्हापुरात गव्यांसाठी १९५८ पासून राखलेलं राधानगरी, जे दाजीपूर या नावाने जुन्या लोकांना अधिक ओळखीचं आहे. सह्याद्रीची ही हिरवी साखळी पुढे गोव्यात म्हादई आणि मोले इथे शिरते, आणि दूधसागर पाहायला जाणारा प्रत्येक जण तिच्यातून जातो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत.

या मुलखात हौसेने, कुठलंही काम नसताना चालायला सुरुवात झाली ती इंग्रजी अमदानीत. माथेरान-महाबळेश्वरची थंड हवेची ठिकाणं वसली, मोजणीदार शिखरांवर चढले, आणि कर्नल साइक्ससारख्या अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची, म्हणजे इंद्रवज्राची, शास्त्रीय नोंद केली. मराठी माणसाने ही भटकंती आपलीशी केली ती मात्र वेगळ्या प्रेरणेने. तिच्यातून पुढे ज्या परंपरा तयार झाल्या, त्या ओळखल्याशिवाय आजचा ट्रेकर समजत नाही.

पहिली परंपरा दुर्गभ्रमणाची. शिवचरित्राच्या ओढीने लोक गडांवर जाऊ लागले. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड पाहिले, तरुणांना सोबत नेलं, आणि 'दुर्गभ्रमणगाथा'सारख्या लेखनातून गडावर जाणं हा एक संस्कार करून ठेवला. आजही मराठी घरातलं मूल पहिल्यांदा डोंगर चढतं ते बहुधा राजगड, रायगड किंवा सिंहगडाच्या निमित्ताने. या परंपरेने आपल्याला डोंगराबद्दल भक्ती दिली. तिची मर्यादा अशी, की दरवाजा, बुरूज, टाकं आणि तट यांच्याकडे पाहताना नजर मधल्या रानावर ठरत नाही. तटावर उगवलेलं झुडूप आपण 'साफसफाई'त उपटतो. ते फक्त सह्याद्रीतच उगवणारं असू शकतं, हे आपल्या लक्षात येत नाही.

दुसरी परंपरा गिर्यारोहणाची. १९५० च्या दशकापासून मुंबईत, मग पुण्यात आणि इतर शहरांत संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची गिरिविहार आणि पुण्याची गिरिप्रेमी ही त्यांतली ठळक नावं. दोर, गाठी, कातळारोहण आणि सुळक्यांवरच्या चढाया यांचं शिक्षण या संस्थांनी दिलं, आणि सह्याद्रीत तयार झालेले हात हिमालयात नेले. हरीश कापडियांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या ट्रेकचं इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'ने मराठी भटक्यांच्या हाती वाटांचा तपशील ठेवला. शिस्त, सुरक्षा आणि एकमेकांची जबाबदारी हे या परंपरेचं देणं आहे. अपघात झाला की रात्री-अपरात्री दरीत उतरणारी स्वयंसेवकांची शोध आणि बचाव पथकं याच मुशीतून आली. त्यांच्या कामाचं मोल पैशांत होत नाही.

तिसरी परंपरा निसर्गअभ्यासकांची. संख्येने लहान, पण या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपासून तिचा माग काढता येतो. स. आ. जोगळेकरांनी 'सह्याद्री' या ग्रंथात भूगोल, इतिहास आणि वनस्पती यांना एकत्र आणलं. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून रानात काढलेल्या वर्षांतून मराठीला पक्ष्यांचं आणि झाडांचं भांडार दिलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, आणि गावकऱ्यांनी देवाच्या नावाने राखलेली ही रानं किती मोलाची आहेत ते जगापुढे मांडलं. कायदा येण्याच्या कितीतरी आधी डोंगरातल्या माणसांनी स्वतःवर बंधन घालून घेतलं होतं. ज्या रानात कुऱ्हाड न्यायची नाही असं गावाने ठरवलं, तिथली झाडं आजही उभी आहेत.

आता चौथा प्रवाह आला आहे. त्याला परंपरा म्हणायला अजून वेळ लागेल. शुक्रवारी रात्री शहरातून बस भरून निघणाऱ्या व्यावसायिक सहली, डोंगरातल्या धावण्याच्या शर्यती, आणि मोबाइलवर पाहिलेल्या एका दृश्यासाठी केलेली धावपळ हे सगळं त्यात येतं. याकडे तिरस्काराने पाहण्याचं कारण नाही. ज्या मुलींना घरातून एकटं जाऊ दिलं जात नव्हतं त्या आज गटाने डोंगर चढताहेत, पन्नाशी उलटलेली माणसं पहिल्यांदा बूट घालताहेत, आणि गावातल्या घरांना चार पैसे मिळताहेत. अडचण गर्दीच्या आकाराची आणि तिच्या अडाणीपणाची आहे. पहिल्या दोन परंपरांत नवख्याला कुणीतरी जुना हात धरून नेत असे. तो हात सुटला, आणि माणसं वाढली.

रानाच्या नजरेने एकच वाट पाहू. कर्जतकडच्या खांडस गावातून भीमाशंकरला दोन वाटा चढतात: शिड्यांची उभी शिडी घाटाची, आणि लांबच्या वळशाची, सोपी अशी गणेश घाटाची. पायथ्याला भातखाचरं आणि उन्हाळ्यात पानं गाळणारी झाडं. पदर ओलांडून वर जावं तसं रान बदलतं. अंजनी, जांभूळ, हिरडा आणि आंबा यांची सावली घट्ट होते, आणि भर दुपारीही पायाखालची माती ओलसर लागते. इथे मान वर करून पाहिलं तर फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसतो. ते शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, आणि ती बहुधा अशा ठिकाणी असतात जिथे एका झाडाचा शेंडा दुसऱ्याला भिडतो. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. या झाडावरून त्या झाडावर झेप घेत त्याचं आयुष्य जातं. वाट रुंद करण्यासाठी दोन्ही बाजूंची चार झाडं तोडली, की वरचं छप्पर फाटतं आणि शेकरूचा रस्ता तुटतो. पाऊलवाट पाऊलवाटच का राहिली पाहिजे, याचं याहून स्पष्ट उत्तर देता येत नाही.

याच रानात महादेव कोळी कुटुंबं पिढ्यानपिढ्या हिरडा गोळा करत आली आहेत. ट्रेकर ज्या झाडाच्या सावलीत डबा उघडतो, ते झाड कुणाच्या तरी वर्षाच्या मिळकतीचा भाग असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा समाजांचे हक्क कागदावर मान्य केले, पण डोंगरावर त्यांची ओळख अजून 'गाइड' आणि 'चहावाले मामा' एवढीच आहे. कोयना आणि चांदोलीची दुसरीही बाजू विसरता येत नाही. धरणासाठी आणि मग वन्यजीवांसाठी तिथली गावं उठली. आज ज्या शांततेचं आपण कौतुक करतो, तिच्यासाठी कुणीतरी घर सोडलं आहे. त्या वाटेवर जुनं जोतं किंवा ओसाड देऊळ दिसलं तर तिथे थांबून हे आठवावं, एवढी माणुसकी चालणाऱ्याकडून अपेक्षित आहे.

वासोट्याची वाट नियमांत बांधलेली आहे. बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावरून लाँचने पलीकडे जायचं, मेट इंदवलीच्या चौकीवर नावं लिहायची, आणि सोबतचं प्लॅस्टिक परत आणायचं. मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात वाट बंद. दाट झाडीतून चढून गेल्यावर बाबू कड्याची सरळ भिंत समोर येते आणि खाली कोकण उघडतं. या गडाच्या वाटेवर गवा, अस्वल आणि बिबट्या यांच्या खुणा दिसतात, कारण संध्याकाळनंतर ते रान त्यांच्या स्वाधीन असतं. कास पठारावरही फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांची संख्या ठरवून दिली जाते, आणि तिथलं व्यवस्थापन आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात. बंधन घातलं म्हणून कासला जाणारे कमी झाले असं कुणी म्हणू शकणार नाही.

इतर देशही याच प्रश्नाशी झुंजले आहेत. राष्ट्रीय उद्यान ही कल्पना १८७२ च्या अमेरिकेतल्या यलोस्टोनपासून जगभर गेली. तिथल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम या कातळावर लोखंडी दोरांशी माणसांची इतकी दाटी होऊ लागली, की २०१० पासून परवाने सुरू झाले, आणि आता दिवसाला सुमारे ३०० जणांनाच वर जाता येतं. आपल्याच हिमालयात नंदादेवीचं अंतरंग मोहिमांच्या कचऱ्याने आणि सरपणाच्या तोडीने इतकं खालावलं, की १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर पुढच्याच वर्षी ते गिर्यारोहकांना बंद करावं लागलं. त्यातून घेण्याचा धडा असा, की मर्यादा वेळेवर घातली तर वाट चालू राहते. उशीर झाला तर बंदीच उरते. अमेरिकेची नक्कल मात्र आपल्याला उपयोगाची नाही. आपल्या रानात माणसं राहतात, देवळं आहेत, यात्रा भरतात, आणि गड तर आपल्या अभिमानाचे आहेत. नियम ठरवताना या सगळ्यांना सोबत घ्यावं लागेल.

हे पुस्तक आत्ताच का, याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. गडांवरची वर्दळ वाढणार हे उघड आहे. पश्चिम घाटाच्या संरक्षणाबद्दलचा गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आणि त्यानंतरचा कस्तुरीरंगन अहवाल यांवर वाद घालत आपण वर्षं घालवली, आणि दरम्यान घाटमाथ्यावर बंगले, रस्ते आणि खाणी सरकत राहिल्या. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाचा वावर पुन्हा नोंदला जातो आहे. ज्या डोंगरावर वाघ येऊ शकतो तिथे आपण कसे चालतो याला आता वेगळा अर्थ आला आहे. मे अखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे चमकतात, तेव्हा त्यांना पाहायला येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनीच त्यांचे प्रकाशसंकेत बुजतात, आणि ज्यासाठी तो प्रकाश असतो ते मीलन अडतं. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून बी धरणारी कारवी फोटोसाठी तुडवली, तर पुढच्या फुलोऱ्याचं बी तिथेच मरतं.

धोके माणसालाही आहेत, आणि त्यांतले बरेचसे अज्ञानातून येतात. कड्यांना लटकलेली आग्या मोहळं धुराने, अत्तराने किंवा आरडाओरड्याने उठतात, आणि मग अनुभवी माणूसही पळू शकत नाही. उशिरा निघणं, पाणी कमी नेणं, आणि मळलेली वाट सोडून ढोरवाटेला लागणं यांतून माणसं कारवीच्या रानात रात्र काढतात. वळणावळणाची वाट सोडून सरळ खाली उतरणाऱ्यांच्या पायांनी गवताचं आवरण निघतं. पुढच्या पावसाळ्यात तिथून पाणी धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. उन्हाळ्यात एका विझल्या न विझल्या चुलीतून लागलेला वणवा पदराचं रान खाऊन टाकतो. यातली प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी आहे. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, संस्थांनी प्रशिक्षण सुरू केलं, पण शेवटी डोंगरावर वागणारा माणूस हा वाचक आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचणं हे पुस्तकाचं काम आहे.

या पुस्तकाचा घाट त्यामुळे मार्गदर्शिकेहून थोडा वेगळा आहे. यात वाटा आहेत. पायथ्याची गावं, पाण्याच्या जागा, चढाईचा दर्जा आणि ऋतू यांचा तपशील आहे. पण प्रत्येक वाटेची ओळख तिच्या रानापासून सुरू होते: ती कोणत्या राखीव क्षेत्रातून जाते, तिथे कुणाचा अधिवास आहे, कोणत्या महिन्यात तिला विश्रांती द्यावी, परवानगी कुठून घ्यावी, आणि पायथ्याच्या माणसांचं त्या रानाशी काय नातं आहे. गडाचा इतिहास त्यानंतर येतो, आणि तो आल्यावर अधिक अर्थपूर्ण वाटतो; कारण जंगलाने वेढलेला वासोटा कैदखाना म्हणून का वापरला गेला, हे रान समजल्यावरच समजतं. जिथे फार कमी माणसं जातात अशा काही नाजूक जागा लेखकांनी मुद्दाम वगळल्या आहेत. नकाशावर नवी ठिकाणं आणणं हा या पुस्तकाचा हेतू नाही. ओळखीची ठिकाणं नव्याने पाहायला शिकवणं हा आहे.

याच्या विरोधात दोन बाजूंनी बोललं जाईल, हे मला ठाऊक आहे. काही वन्यजीवप्रेमी म्हणतील, की राखीव रानातल्या वाटांची पुस्तकंच नकोत, लोक जायलाच नकोत. काही डोंगरभटके म्हणतील, की गड महाराजांचे, डोंगर सगळ्यांचा, परवानगी कसली मागायची? दोन्ही म्हणणी मला अपुरी वाटतात. ज्या रानात कुणी चालत नाही, ते रान कापलं जातं तेव्हा ओरडायलाही कुणी नसतं. वणवा प्रथम दिसतो तो डोंगरात वावरणाऱ्याला, आणि सड्यावर खाणीची यंत्रं आली हेही त्यालाच आधी कळतं. पण ज्या वाटेवर वाटेल तेवढी माणसं वाटेल तशी चालतात, तिथे राखायला काही उरत नाही. चालणाऱ्याचा हक्क त्याच्या संयमावर उभा आहे. वनखात्यानेही ही गोष्ट समजून घ्यावी: वाटा बंद करण्यापेक्षा हंगाम आणि संख्या ठरवणं, आणि प्रवेशशुल्कातला मोठा वाटा पायथ्याच्या गावाकडे वळवणं, हे रानाच्या जास्त हिताचं आहे. गावाला जंगलातून भाकरी मिळाली, तर जंगलाची राखण गाव करतं. देवरायांनी हे सिद्ध करून दाखवलं आहे.

वाचकहो, हे पुस्तक हाती घेऊन तुम्ही डोंगरात जाल तेव्हा एवढं करा. आधी परवानगी काढा आणि चौकीवर खरी नावं लिहा. पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्या, त्याने सांगितलेला मोबदला घासाघीस न करता द्या, आणि वाटेत त्याच्याकडून निदान दहा झाडांची नावं विचारून घ्या. जेवण गावातल्या घरी सांगा. नेलेलं सगळं परत आणा, मळलेली वाट सोडू नका, संध्याकाळच्या आत रानाबाहेर पडा. आणि वाट बंद असल्याचं कळलं तर आडवाटेने शिरण्याचा विचारही न करता परत फिरा. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. त्याच्या अंगावरचं रान राहील की नाही, हे मात्र तुमच्या-माझ्या वागण्यावर ठरेल.